मडावी मॅडमचं भेव

मडावी मॅडम भित्र्या होत्या. हे मी त्यांच्या मागं बोलत नाही, त्या स्वतःच सांगायच्या. कार्यालयात नवा माणूस आला, की नाव-गाव विचारून झाल्यावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "मले लय भेव वाटते बरं का. आधीच सांगून ठेवलेलं बरं." नवा माणूस हसायचा. त्याही हसायच्या. पण त्यांचे डोळे तेवढ्या वेळात त्याच्या पाठीमागचं दार, खिडकी आणि बाहेरची झाडं पाहून घ्यायचे.

आमचं वनखात्याचं कार्यालय राळेगावच्या पुढं, सागाच्या जंगलाला लागून होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि तारेचं कुंपण. मी तिथं लिपिक होतो. सुरेखा मडावी करारावर कॉम्प्युटर चालवायच्या. चाळिशीच्या आसपासचं वय, अंगानं बारीक, केसांचा घट्ट अंबाडा. मला त्या 'भाऊ' म्हणत आणि मी त्यांना 'मॅडम'. आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचो, पण त्यांची खुर्ची भिंतीला टेकलेली असे. दाराकडं पाठ करून त्या कधी बसल्या नाहीत.

सकाळी आल्यावर त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर लाकडी पट्टीनं टक् टक् करत, मागच्या तारा पट्टीनंच हलवत आणि मगच बटण दाबत. आमचा शिपाई त्यांना चिडवायचा, "मॅडम, आत कोनी झोपलं हाय काय?" एकदा पावसाळ्यात खरंच मागून साप निघाला. कवड्या होता, बिनविषारी. मॅडम एका दमात पडवीबाहेर. शिपाई हसून हसून लोळला. "अवो, त्याले ईष नसते!" मॅडम बाहेरूनच ओरडल्या, "ते तुमाले माहीत, मले माहीत. माह्या पायाले कोन सांगंल?"

आभाळ भरलं की त्या सगळ्या तारा उपटून ठेवत. साहेब चिडायचे, कारण ऐन कामाच्या वेळी कॉम्प्युटर बंद. त्या ऐकायच्या नाहीत. पेन ड्राइव्ह त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेला असे, मंगळसूत्राच्या खाली. त्यात काय आहे म्हणून मी एकदा विचारलं. "मशीन मेलं तं उठवायचं सामान," त्या म्हणाल्या. कुठल्यातरी फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची भलीमोठी फाइल त्यांनी यवतमाळला भाचीच्या घरी बसून उतरवून घेतली होती. कधी लागेल, लागेल की नाही, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

या भित्रेपणाचं मूळ त्यांनी एकदाच सांगितलं. लाइट गेलेली होती आणि आम्ही पडवीत चहा पीत होतो. त्या लहान असताना मायसोबत मोहफुलं वेचायला गेल्या होत्या. झाडाखाली वाकलेल्या मायवर अस्वल आलं.

"माय ओरडली अन् मी पळाली," त्या म्हणाल्या. "लोकं अजून म्हनतात, पोरगी मायले टाकून पळाली. मी पळत गावात गेली, मानसं घेऊन आली. माय वाचली. एक डोया गेला, पन वाचली." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊ, भेव वाटनं वाईट नसते. भेव वाटल्यावर कुठं पळाव हे समजलं पाह्यजे."

त्या साली दिवाळीनंतर आमच्या भागात वाघाची दहशत बसली. बोरखिंडी नावाच्या गावाजवळ आधी गुरं गेली. मग एके दिवशी सखूबाई नावाची बाई नाल्याकाठी बकऱ्या चारताना गेली. बकऱ्या घरी परतल्या, ती आली नाही. शोधायला गेलेल्या माणसांना काय दिसलं ते इथं लिहवत नाही.

त्यानंतर सगळं थांबलं. शेतात कापूस फुटून लोंबत होता, पण वेचायला एकही बाई जाईना. शाळा बंद. परसाकडं जायचं तर माणसं घोळक्यानं, डबे वाजवत जायची. ऊन असेपर्यंत सगळी कामं उरकून लोक दारं लावून घेत. आमच्या कार्यालयातही बोलणं कमी झालं होतं. वारा आला, सागाची मोठी वाळकी पानं पत्र्यावर पडली, की मान वळायची. मॅडम तर पाण्याची बाटली भरायलाही एकट्या जात नसत. "भाऊ, या नं जरा," म्हणून मला नळापर्यंत नेत. मला स्वतःला तिथं उभं राहवत नसे, पण ते मी बोलत नव्हतो. त्या बोलायच्या, एवढाच फरक.

जंगलात कॅमेरे लावले होते. समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे. आमचे वनरक्षक जीव मुठीत धरून जात, कॅमेऱ्यातली कार्डं काढून आणत, मॅडम त्यांतले फोटो कॉम्प्युटरमध्ये घेत आणि रिकामी कार्डं परत जात. त्या भागात दोन जनावरं फिरत होती. एक वाघीण, तिच्यासोबत दोन बच्चे. दुसरा नर, बाहेरून आलेला. यांतलं माणूस मारणारं कोणतं, हे अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळखल्याशिवाय बेशुद्ध करून पकडायची परवानगी मिळत नव्हती. पथक येऊन बसलं होतं. ते फोटोंची वाट पाहत होतं.

सखूबाई गेली त्या नाल्यावरच्या कॅमेऱ्याचं कार्ड दिवस मावळताना आलं, मॅडमनी फोटो उतरवून घेतले, कार्ड रिकामं केलं आणि फोटो पाहायचं काम सकाळवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला नाही. काळा पडदा, वर पांढऱ्या अक्षरांची एक इंग्रजी ओळ, बस. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तीच ओळ.

रोजचे फोटो त्या दुसऱ्या एका हार्ड डिस्कवरही ठेवत. पण ती डिस्क साहेबांनी आदल्या दुपारीच जिल्ह्याला पाठवली होती. नाल्यावरचे फोटो तेवढे या बंद पडलेल्या डब्यात होते.

साहेब तरुण होते, बोलायला चांगले, पण त्या दिवसांत त्यांना झोप नव्हती. ते म्हणाले, "कपाटात कंपनीची डिस्क आहे ना? ती टाका आणि नव्यानं चढवून घ्या."

"त्यानं सगळं पुसून जाईन साहेब."

"मग डबा घेऊन जाऊ जिल्ह्याला."

"गेटवर पाहा," मॅडम म्हणाल्या.

गेटवर बोरखिंडीची माणसं जमली होती. काठ्या, कुऱ्हाडी. बायाही होत्या. फोटो बुडाले ही बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली कोण जाणे. "फोटो दडवून राह्यले हे लोक," असं कोणीतरी ओरडत होतं. डबा बाहेर निघाला असता तर तो गेटपर्यंतही पोचला नसता. एक म्हातारा साहेबांना म्हणाला, "आज सांगा. नाहीतं आमी नाल्यावर तार टाकतो अन् करंट सोडतो. कोनता मरते ते मरू द्या."

हे नुसतं बोलणं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. नाल्यावर तार पडली असती तर वाघीण, बच्चे, गुरं, पाण्याला गेलेलं माणूस, कोणीही चिकटलं असतं. दुरुस्तीचा माणूस जिल्ह्याहून दुसऱ्या दिवशी येणार होता.

मॅडम उठल्या. गळ्यातला पेन ड्राइव्ह त्यांनी मुठीत धरला.

"आपलं मशीन जुनं हाय, ते पेन ड्राइव्हवरून उठत नाही. यातल्या फाइलची डीव्हीडी कराव लागते. डीव्हीडीवरून मशीन चालू झालं, तं आतल्या डिस्कले हात न लावता फोटो काढून घेता येते. पन डीव्हीडी करायले दुसरं मशीन पाह्यजे."

साहेबांच्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची जागाच नव्हती. दुसरं मशीन होतं ते बाजाराच्या गावी, झेरॉक्सच्या दुकानात. मधला रस्ता जंगलातून, त्याच नाल्यावरून. कार्यालयाची जीप पथकासोबत गेलेली. उरली मॅडमची स्कूटी.

"मले लय भेव वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या आणि किल्ली हातात घेतली. "भाऊ, चला."

मी मागं बसलो. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मॅडम सारखा हॉर्न वाजवत होत्या. नाल्याच्या अलीकडं त्यांनी एकदम ब्रेक दाबला. डाव्या हाताला, झाडांच्या शेंड्यांवर वानरं खाकरल्यासारखी ओरडत होती. थांबून थांबून, एकाच दिशेला तोंड करून. वाघ दिसला की वानर तसं ओरडतं, हे आमच्याकडं पोरांनाही माहीत असतं. मॅडमनी स्कूटी चालूच ठेवली होती. पळायचं तर मागं, की पुढं? त्या हलल्या नाहीत. बराच वेळ गेला. शेवटी मागून एसटी आली. मॅडमनी हात करून तिला जाऊ दिलं आणि तिच्या धुराला नाक लावून स्कूटी नाल्यापार काढली.

दुकानदार ओळखीचा होता. त्यानं पेन ड्राइव्ह घेतला, कोरी डीव्हीडी घातली. "होऊन जाते मॅडम, तुमी टेन्शन नका घेऊ." मॅडम दुकानाच्या दारात उभ्या राहून रस्ता पाहत होत्या. परतीची एसटी चुकली तर? त्यांचं सगळं लक्ष तिकडं होतं. डीव्हीडी हातात आली आणि आम्ही एसटीच्या मागं मागं परत आलो.

डीव्हीडी आत गेली. मॅडमनी सुरुवातीची ती निळी सेटिंग उघडून आधी डीव्हीडीवरून सुरू हो, असं मशीनला सांगितलं. चकती आत गरगरली. आम्ही सगळे पडद्याकडं टक लावून. आणि परत तीच पांढरी ओळ.

खिडकीतून पाहणाऱ्यांपैकी कोणी कचकचीत शिवी दिली. मॅडमनी पुन्हा करून पाहिलं, मग डीव्हीडी बाहेर काढून तिच्या पाठीकडं बघत राहिल्या. "दुकानवाल्यानं फाइल नुसती उचलून ठेवली," त्या हळूच म्हणाल्या. "मी पाह्यलंच नाही. माह्यं ध्यान रस्त्यावर होतं."

"फाइल आहे ना त्यात? मग?" साहेबांचा आवाज चढला.

"फाइल हाय, पन ते बांधलेल्या गाठोड्यासारखी हाय. मशीन उठते तवा डीव्हीडीच्या सुरुवातीले पाहते, आपल्याले चालू करनारं इथं कोनी हाय काय. ते गाठोडं सोडून, बरोबर रचून डीव्हीडीवर उतरवाव लागते, तवा ते चालू करनारं सुरुवातीले जाऊन बसते. नाहीतं मशीन म्हनते इथं कोनी नाही, अन् पुढं निघून जाते."

याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. परत जायचं. आता ऊन कललं होतं, हिवाळ्याचा दिवस आखूड, आणि संध्याकाळपर्यंत त्या बाजूला एसटी नव्हती.

मला साहेबांनी ठेवून घेतलं, कारण गेटवर रेटारेटी सुरू झाली होती आणि कार्यालयात आम्ही मोजकीच माणसं होतो. मॅडम स्कूटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सीटवर हात ठेवला, काढला. पुन्हा ठेवला. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता त्या बसत नाहीत. बसल्या नसत्या तरी मी त्यांना काही म्हणालो नसतो.

तेवढ्यात गर्दीतून एक काळासावळा, वाळका माणूस पुढं आला. सकाळपासून तो कुंपणाला टेकून बसला होता, एक अक्षर बोलला नव्हता. सखूबाईचा नवरा, देविदास. त्याच्या हातात बकऱ्या हाकायची काठी होती.

"मॅडम, मी येतो मागं."

"तुमी कायले?"

"मले आता कायचं भेव हाय?"

मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं. "मले हाय नं. बसा. पन गप नका बसू. जाऊन येऊपर्यंत बोलत राहा, कायबी बोला."

स्कूटी वळणाआड गेली आणि हॉर्न ऐकू येईनासा झाला. मी गेटच्या आतल्या बाजूला उभा होतो, गावकरी बाहेरच्या. इतका वेळ आम्हाला शिव्या देणारी ती माणसंही आता त्याच वळणाकडं पाहत होती. त्यांच्यातला माणूस त्या स्कूटीवर होता. एका म्हातारीनं मला कुंपणातून विचारलं, "बाई कोनाची हाय?" मी सांगितलं, "मडाव्याची." ती म्हणाली, "येईन बापा, येईन." दूर कुठं मोर ओरडला. सागाच्या सावल्या रस्ता ओलांडून आमच्या कुंपणापर्यंत आल्या.

दुकानात काय झालं ते मला नंतर दुकानदारानं सांगितलं. मॅडमनी त्याला खुर्चीवरून उठवलं. स्वतः बसल्या. गाठोडं सोडून लिहायचा, 'इमेज' नावाचा पर्याय निवडला, सगळ्यात सावकाश गती ठेवली. लिहून झाल्यावर तपासणीही पूर्ण होऊ दिली. एवढ्यावरही उठल्या नाहीत. दुकानात आधार कार्डाच्या प्रती काढायला आलेली माणसं खोळंबलेली असताना त्यांनी त्याचं मशीन बंद केलं, नव्या डीव्हीडीवरून सुरू करून पाहिलं आणि पडद्यावर चित्र आल्यावरच ती काढून पदराखाली घेतली. दुकानदार म्हणाला, "भाऊ, बाईचे हात इतके कापत होते की माऊस टेबलावर वाजे. पन एकबी चूक नाही केली."

हॉर्न ऐकू आला तेव्हा सूर्य टेकायला आला होता. गर्दीनं आपणहून वाट दिली.

डीव्हीडी आत गेली. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. चकती घरघरत होती. साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग एक पट्टी सरकू लागली, थांबली, पुन्हा सरकली आणि एकदम अनोळखी रंगाचा पडदा उघडला. 'बसवायचं की नुसतं वापरून पाहायचं' असं काहीसं इंग्रजीत विचारत होता. मॅडमनी नुसतं वापरायचं ठरवलं. मग आतली डिस्क उघडली. फोटो होते. त्यांनी आधी सगळे गळ्यातल्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले आणि मगच एकेक उघडायला घेतले.

गुरं. रानडुक्कर. वाऱ्यानं हललेली फांदी. वनरक्षकाचे पाय. मग बकऱ्या, एकामागून एक. आणि मग एकदम जवळून एक चेहरा. बाई कॅमेऱ्यासमोर वाकली होती आणि आत काय आहे म्हणून डोळे बारीक करून पाहत होती. पदर दातात धरलेला. हसू येऊ घातलेलं.

"सखू," मागून देविदास म्हणाला. तो आत कधी आला ते कोणाला कळलं नव्हतं.

मॅडमचं बोट पुढच्या बटणावर होतं. ते तिथंच थांबलं. देविदास जवळ आला, पडद्यापासून वीतभर अंतरावर उभा राहिला आणि पाहत राहिला. आम्ही सगळे खाली बघत होतो. मग तो म्हणाला, "पाहा आता पुढं."

"तुमी बाहेर बसा दादा," मॅडम म्हणाल्या.

"नाही. मले पाह्यचं हाय."

मॅडमनी बटण दाबलं आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताचा पंजा पसरून पडदा झाकला. आम्हा दोघांना, साहेबांना आणि मला, बाजूनं थोडं दिसलं. तेवढं पुरे होतं. त्या म्हणाल्या, "दादा, हे तुमी पाहू नका. मी पाह्यलं. तो नर हाय. वाघीन नाही. तुमी माह्यावर भरोसा ठेवा."

देविदासनं मॅडमच्या हाताकडं पाहिलं. मान हलवून तो बाहेर गेला आणि गर्दीला त्यानंच सांगितलं, "नर हाय. तार नका टाकू." त्या दिवशी दुसऱ्या कोणाचं ऐकलं गेलं असतं असं मला वाटत नाही.

पट्टे जुळले, परवानगी आली आणि काही दिवसांनी त्या नराला बेशुद्ध करून पिंजऱ्यातून नेलं. सगळा तालुका पाहायला लोटला होता. मॅडम नव्हत्या. त्यांना ताप भरला होता. मी भेटायला गेलो तर त्या चादरीत गुंडाळून बसलेल्या. "त्या बाप्यानं जाऊन येऊपर्यंत बायकोच्याच गोष्टी सांगितल्या," त्या म्हणाल्या. "कोनती बकरी तिची लाडकी होती, भाकर कशी पातळ थापे. रडला नाही तो. मीच रडली. रस्ता दिसे नाही मले." सखूबाईच्या चेहऱ्याचा फोटो त्यांनी यवतमाळहून मोठा करून आणला आणि बोरखिंडीला नेऊन दिला, हे मला त्यांच्याकडून नाही, देविदासकडून कळलं.

त्या सालानंतर त्यांचा करार वाढला नाही. निरोपाचा चहा झाला, त्यात त्यांनी भाषण केलं नाही. त्या घाटंजीकडं बहिणीजवळ राहायला गेल्या, तिथं एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतात असं ऐकलं. कामाच्या रगाड्यात भेट राहून गेली.

मागच्या वर्षी घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी मी एसटीत खिडकीशी बसलो होतो. रस्ता माणसांनी, हातगाड्यांनी, कापसाच्या गाड्यांनी तुंबला होता आणि बस अडली होती. समोरच्या कडेला मडावी मॅडम दिसल्या. डोक्यावर नवी कोरी प्लास्टिकची खुर्ची उलटी धरलेली, निळी. त्यांना रस्ता ओलांडायचा होता. एक मोटारसायकल गेली, त्या थांबल्या. ऑटो गेला, थांबल्या. कापसाच्या ट्रकवाल्यानं ब्रेक मारून त्यांना हातानं 'जा' म्हटलं. त्यांनी त्यालाच हातानं 'तू जा' म्हटलं. तो म्हणाला 'तुमी जा.' मागं हॉर्नांचा कल्लोळ उठला. मॅडमनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, परत डावीकडं पाहिलं. मग एक हात आडवा धरून, ट्रकवरची नजर न काढता, त्या सरळ रस्त्यात उतरल्या आणि अलीकडं आल्या.

मी हाक मारली, पण त्या गोंगाटात ती पोचली नाही. कडेला आल्यावर त्यांनी खुर्ची डोक्यावरून उतरवली, कांद्याच्या ढिगाशेजारी जमिनीवर नीट टेकवली आणि भर बाजारात तिच्यावर बसून, छातीवर हात ठेवून, डोळे मिटून त्या दम खात राहिल्या. बस हलली.